दूध संकलनाचा डेटाबेस सांभाळताना : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

३ जून २०२४

सातारा जिल्ह्यातील बत्तीस गावांच्या दूध संस्थांचे रोजचे संकलन ज्या डेटाबेसमध्ये नोंदले जाते, त्याची देखभाल या महिन्यापासून माझ्याकडे आली आहे. गेली चार वर्षे मी या प्रणालीचे स्क्रीन आणि अहवाल लिहीत आलो. सर्व्हर सांभाळणारे सहकारी वेगळे होते आणि त्यांनी नोकरी बदलल्यावर, "तुला क्वेरी येतात, म्हणजे हेही जमेल," एवढ्या भरवशावर हे काम मला देण्यात आले. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारणारे वाक्य, लिहिता येणे आणि डेटाबेस सांभाळता येणे यांत किती अंतर आहे, ते मला पहिल्याच आठवड्यात दिसू लागले आहे, म्हणून शिकत जाईन तसे लिहून ठेवण्याचे ठरवले.

मांडणी साधी आहे. सुमारे ४,८०० सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. प्रत्येक वेळेची एक नोंद होते आणि तीत सभासद क्रमांक, दिनांक, वेळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन पदार्थ), दर आणि रक्कम असते. चार वर्षांत संकलनाच्या टेबलमध्ये (नोंदींच्या तक्त्यात) सुमारे १ कोटी ४० लाख नोंदी जमल्या असून टेबलचा आकार १.४ गिगाबाइट आहे. डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर पोस्टग्रेएसक्यूएल, आवृत्ती १६ आहे. सरावासाठी मी त्याची एक प्रत वेगळ्या मशीनवर घेतली आणि तीतून सभासदांची बँक खाती व फोन क्रमांक आधी पुसून टाकले.

पहिले काम समोरच आहे. दहा दिवसांचे बिल काढायला चाळीस मिनिटे लागतात आणि तोवर बत्तीस सचिव फोन करत राहतात.

५ जून २०२४

आज काहीही दुरुस्त केले नाही, फक्त मोजले. कोणती क्वेरी किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ घेतला याचा हिशेब ठेवणारे पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) सुरू केले. ते सर्व्हर सुरू होतानाच लोड व्हावे लागते, त्यामुळे सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागला, आणि दुपारी दोनची वेळ त्यासाठी बरी ठरली.

बिल काढल्यावर यादीत सर्वांत वर आलेली क्वेरी ४,८०० वेळा चालली होती आणि प्रत्येक वेळी तिला सरासरी अर्धा सेकंद लागला होता. गुणाकार केला की चाळीस मिनिटे होतात. याचा अर्थ कोणतीही एक क्वेरी भयंकर संथ नव्हती, पण बरी म्हणावी अशी एक क्वेरी सभासदागणिक पुन्हा पुन्हा चालत होती. ती मीच चार वर्षांपूर्वी लिहिली होती, हे येथे नोंदवून ठेवतो.

६ जून २०२४

त्या क्वेरीवर एक्सप्लेन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवणार हे दाखवणारी आज्ञा, चालवली आणि सोबत ॲनलाइझ व बफर्स हे दोन्ही पर्याय दिले. नुसत्या एक्सप्लेनमध्ये डेटाबेसचा अंदाज दिसतो, तर ॲनलाइझ जोडल्यावर क्वेरी खरोखर चालते आणि अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा छापला जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायचे असतात, ही गोष्ट इतकी वर्षे मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. मी फक्त शेवटी छापलेला एकूण वेळ पाहत असे.

प्लॅन, म्हणजे डेटाबेसने ठरवलेल्या पायऱ्या, असे सांगत होता : सभासद क्रमांकाच्या इंडेक्सवरून (नोंदी चटकन शोधण्याची क्रमवार सूची) एका सभासदाच्या चार वर्षांच्या सर्व, म्हणजे सुमारे २,९२० नोंदी काढल्या, त्यांतील २,९०० गाळून टाकल्या आणि हातात २० उरल्या. दिनांकाची अट मी महिना वेगळा काढून, वर्ष वेगळे काढून आणि दिवसाला दहाने भागून लिहिली होती, त्यामुळे दिनांकाचा इंडेक्स असता तरी या क्वेरीला त्याचा उपयोग झाला नसता. इंडेक्समध्ये दिनांक जसाच्या तसा क्रमाने लावलेला असतो. त्यातून काढलेल्या महिन्याचा तेथे पत्ता नसतो.

नोंदी दररोज येतील तशा टेबलच्या शेवटी लिहिल्या जातात, म्हणून एका सभासदाच्या २,९२० नोंदी जवळपास तितक्याच वेगवेगळ्या पेजांवर विखुरलेल्या असतात. पोस्टग्रेएसक्यूएलचे एक पेज, म्हणजे एका वेळी वाचला जाणारा तुकडा, ८ किलोबाइटचे असते. एका सभासदासाठी जवळजवळ २३ मेगाबाइट वाचले जातात, आणि ४,८०० सभासद धरले तर १.४ गिगाबाइटच्या टेबलमधून शंभर गिगाबाइटहून अधिक वाचन होते. हा हिशेब कागदावर मांडल्यावर चाळीस मिनिटे कमीच वाटू लागली.

१० जून २०२४

दिनांकाची अट सरळ लिहिली : २१ मे किंवा त्यानंतर, आणि १ जूनच्या आधी. शेवटचा दिवस "३१ पर्यंत" असा न लिहिता "पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी" असा लिहिला, की महिना २८ चा, ३० चा की ३१ चा हा प्रश्नच उरत नाही. सभासद आणि दिनांक या दोन रकान्यांचा एक संयुक्त इंडेक्स प्रतीवर केला. त्यात सभासद आधी ठेवला, कारण त्याच्यावर बरोबरीची अट आहे आणि दिनांकावर कालावधीची. बरोबरीचा रकाना आधी असला की इंडेक्समधील हवा तो तुकडा एकसलग मिळतो. प्रत्येक क्वेरीचा वेळ एक मिलिसेकंदाच्या आसपास आला.

तरीही क्वेरी ४,८०० वेळाच चालत होती. दुसऱ्या टप्प्यात मी तो फेरा काढून टाकला आणि त्या दहा दिवसांतील सर्व नोंदी एकदम घेऊन सभासदानुसार गट करणारी एकच क्वेरी लिहिली. त्या नोंदी टेबलमध्ये शेजारीशेजारीच असल्यामुळे दिनांकावर ब्रिन प्रकारचा इंडेक्स पुरला. हा इंडेक्स प्रत्येक नोंदीची दखल घेत नाही, १२८ पेजांच्या गटामागे फक्त सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी तारीख लिहून ठेवतो. त्याचा आकार शंभर किलोबाइटच्याही आत राहिला. संपूर्ण बिलाची बेरीज पाऊण सेकंदात आली.

एकामागून एक नोंद हाती घेण्याची प्रोग्रॅमिंगची सवय येथे सोडावी लागते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलचा (माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीचा) निबंध प्रसिद्ध केला, त्यात माहिती कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये असा आग्रह होता. काय हवे ते सांगावे, कसे आणायचे ते यंत्राने ठरवावे. मी मात्र चार वर्षे यंत्राला प्रत्येक पाऊल सांगत बसलो होतो.

१९ जून २०२४

आजची नोंद लाजिरवाणी आहे. प्रतीवर यशस्वी झालेला संयुक्त इंडेक्स मी संध्याकाळी साडेसहाला मूळ सर्व्हरवर करायला घेतला. ही वेळ ऐन संकलनाची आहे हे मला माहीत होते, पण प्रतीवर इंडेक्स अर्ध्या मिनिटात झाला होता, म्हणून तेवढा वेळ चालून जाईल असे वाटले. पाच मिनिटांनी पहिला फोन आला : "साहेब, काटा चालू आहे, फॅट मशीन चालू आहे, पण पावतीच निघेना. बाहेर रांग लागलीय." त्यानंतर आणखी सहा फोन आले.

साधा क्रिएट इंडेक्स (इंडेक्स बनवण्याची आज्ञा) टेबलवर असे लॉक, म्हणजे कुलूप, मागतो की वाचन चालू राहते, पण नवी नोंद लिहिता येत नाही. एवढे मी वाचले होते. मला माहीत नव्हते ते पुढचे. एका संस्थेत फॅट दुरुस्तीचा स्क्रीन उघडा ठेवून कोणी चहाला गेले होते, आणि तो स्क्रीन उघडताच ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा बदलांचा गट) सुरू होऊन त्यातील नोंद अपडेट करून धरून ठेवली जाते (हेही माझेच लिखाण). माझा इंडेक्स त्या ट्रान्झॅक्शनच्या मागे लॉकसाठी थांबला, आणि त्यानंतर आलेली प्रत्येक पावती माझ्या इंडेक्सच्या मागे रांगेत उभी राहिली. म्हणजे इंडेक्सचे काम सुरूच झाले नव्हते. ते नुसते दारात अडून बसले होते, आणि त्यामुळे बत्तीस गावांचा रस्ता बंद झाला. मी इंडेक्सची आज्ञा रद्द केल्याबरोबर पावत्या सुटल्या.

रात्री अकरानंतर तोच इंडेक्स कॉन्करंटली या पर्यायासह केला. त्यात टेबल दोनदा वाचले जाते आणि वेळ जास्त लागतो, पण लिहिणे थांबत नाही. मध्येच काम फसले तर अर्धवट इंडेक्स अवैध अशी खूण घेऊन मागे राहतो आणि तो हाताने काढावा लागतो, म्हणून शेवटी ती खूणही तपासली. यापुढे रचनेत बदल करताना लॉकसाठी थांबण्याची मर्यादा दोन सेकंद ठेवायची, आणि ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून रिकामे बसलेले कनेक्शन पाच मिनिटांनी तोडायचे, या दोन सेटिंग उद्यापासून लागू. दुरुस्तीचा स्क्रीन नव्याने लिहावा लागेल ते वेगळेच.

२४ जून २०२४

संस्थानिहाय वार्षिक अहवालाचा प्लॅन पाहिला. संस्था क्रमांक १७ आणि तिच्या गावाचे नाव अशा दोन अटी आहेत. अंदाज १३,६७२ नोंदींचा होता आणि प्रत्यक्षात ४,३७,५०० च्या आसपास निघाल्या. अंदाज थोडासाच असल्यामुळे डेटाबेसने नेस्टेड लूप निवडला, म्हणजे प्रत्येक नोंदीमागे दुसऱ्या टेबलमध्ये एक फेरी. नोंदी बत्तीस पट निघाल्यावर तीच निवड अंगाशी आली.

हा बत्तीसचा आकडा योगायोगाने आलेला नाही. संस्था क्रमांकाची अट एक बत्तीसांश नोंदी ठेवते आणि गावाची अटही एक बत्तीसांश ठेवते. दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरून डेटाबेस दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करतो. आमच्याकडे मात्र एका गावात एकच संस्था आहे, त्यामुळे पहिल्या अटीनंतर दुसरी अट काहीच गाळत नाही. प्रत्येक रकान्याची आकडेवारी वेगळी ठेवली की दोन रकान्यांमधले नाते हरवते. आवृत्ती १० पासून असे नाते क्रिएट स्टॅटिस्टिक्स या आज्ञेने कळवता येते. ते कळवून टेबलवर ॲनलाइझ (येथे आकडेवारी नव्याने गोळा करणारी आज्ञा) चालवल्यावर अंदाज साडेचार लाखांच्या जवळ गेला, डेटाबेसने आपणहून हॅश जॉइन (दोन टेबले प्रत्येकी एकदाच वाचून जोडण्याची पद्धत) निवडला आणि अहवालाचा वेळ निम्म्याहून खाली आला. मी क्वेरीचे एक अक्षरही बदलले नव्हते.

खरे म्हणजे गावाचे नाव संकलनाच्या टेबलमध्ये असायलाच नको होते, ते संस्थांच्या टेबलमध्ये हवे. एका जॉइनचा कंटाळा करून मी ते येथे आणून ठेवले होते. आकडेवारीचा उपाय हे ठिगळ आहे, पण तो रकाना काढायचा तर सतरा अहवाल बदलावे लागतील, म्हणून तूर्त ठिगळावर भागवतो.

१ जुलै २०२४

दरपत्रकाचा प्रश्न. गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफला आणि म्हशीच्या दुधाचा ६.० फॅट व ९.० एसएनएफला धरला जातो, आणि त्याच्या वरखाली पॉइंटप्रमाणे दर वाढतो किंवा कमी होतो. दरपत्रक वर्षातून अनेकदा बदलते. प्रत्येक दरपत्रकाला "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन तारखा होत्या, आणि मागील वर्षी दोन दरपत्रकांची एक तारीख सामाईक राहिल्यामुळे त्या एका दिवसाच्या दुधाची बिले दुप्पट झाली होती. तेव्हा आम्ही दोष टंकलेखनाला दिला.

आता दोन तारखांऐवजी एकच कालावधी प्रकारचा रकाना केला आणि त्यावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट घातले : जनावराचा प्रकार तोच असेल आणि कालावधी एकमेकांवर चढत असतील, तर नवी नोंद स्वीकारायची नाही. बरोबरी आणि कालावधी यांची तपासणी एकाच इंडेक्समध्ये करायची असल्यामुळे बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन लागते. मागील वर्षीची तीच चूक मुद्दाम करून पाहिली आणि डेटाबेसने नोंद नाकारली. ही तपासणी स्क्रीनमध्ये लिहिली असती, तर एक्सेलमधून थेट भरलेल्या दरपत्रकाला ती लागू पडली नसती.

८ जुलै २०२४

विंडो फंक्शन्सना चार दिवस दिले आणि ते सार्थकी लागले. गट केल्यावर नोंदी एकमेकींत मिसळून जातात, पण विंडो फंक्शनमध्ये प्रत्येक नोंद आपल्या जागी राहून शेजारच्या नोंदींकडे पाहू शकते.

पहिला सराव म्हणून सभासदाच्या बिलातील चालू बेरीज घेतली. दिनांकाच्या क्रमाने रकमांची बेरीज मागितली, तर सकाळ आणि संध्याकाळ या दोन्ही नोंदींसमोर तोच आकडा आला. मी बराच वेळ जॉइनमध्ये चूक शोधत होतो. कारण असे की विंडोमध्ये क्रम दिला आणि चौकट सांगितली नाही, तर डेटाबेस "आरंभापासून चालू मूल्यापर्यंत" अशी चौकट धरतो, आणि त्याच दिनांकाच्या सर्व नोंदी त्या मूल्यात येतात. त्यामुळे संध्याकाळचे दूध सकाळच्याच बेरजेत मिळाले होते. चौकट "चालू नोंदीपर्यंत" अशी स्पष्ट लिहिली आणि क्रमात दिनांकाशेजारी वेळही घातली, तेव्हा हिशेब जुळला. फक्त चौकट बदलून भागले नसते, कारण एकाच दिनांकाच्या दोन नोंदींपैकी आधी कोणती घ्यायची हे अनिश्चितच राहिले असते.

दुसरा प्रश्न दुग्धविकास अधिकाऱ्यांनी विचारला होता : कोणाच्या घरचे दूध किती दिवस सलग आले आणि केव्हा बंद पडले? जनावर आटले, की सभासद दुसरीकडे गेला, हे त्यावरून ताडता येते. सलग दिवस ओळखण्याची युक्ती इतकी सुबक आहे की ती समजल्यावर मी उठून गच्चीत फेऱ्या मारल्या. सभासदाचे दूध आलेले दिवस क्रमाने लावून त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे आणि दिनांकातून तो क्रमांक वजा करायचा. दिवस सलग असतील तोवर दिनांकही एकाने वाढतो आणि क्रमांकही एकाने वाढतो, त्यामुळे वजाबाकी तीच राहते. मध्ये खंड पडला की दिनांक उडी मारतो, क्रमांक मारत नाही, आणि वजाबाकी बदलते. एकच वजाबाकी असलेल्या नोंदींचा गट म्हणजे एक सलग काळ. आमच्याकडे एका दिवसाच्या दोन नोंदी असतात, म्हणून रो-नंबर न वापरता डेन्स-रँक वापरला, जो एका दिनांकाला एकच क्रमांक देतो. पूर्वी हाच अहवाल मी दोनशे ओळींच्या प्रोग्रॅमने काढत असे. ही क्वेरी अकरा ओळींची आहे.

११ जुलै २०२४

छोटी नोंद. या महिन्यात दूध न घातलेल्या सभासदांची यादी रिकामी आली, आणि ते अशक्य होते. नॉट इन (यादीत नसलेले) असे लिहिले होते आणि आतल्या यादीत एक नल होता. सभासद नसलेल्यांचे सुटे दूध घेतले की सभासद क्रमांक रिकामा राहतो, त्यामुळे तो आला होता. नल म्हणजे अज्ञात. अज्ञात क्रमांक तुमचा नाही असे खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून अट कोणासाठीच खरी ठरत नाही. नॉट एक्झिस्ट्स लिहिल्यावर यादी आली. सर्व अहवालांत नॉट इन शोधले तेव्हा ते आणखी तीन ठिकाणी सापडले.

१९ जुलै २०२४

मराठी अकारविल्ह्याचा प्रश्न कोणत्याही इंग्रजी पाठात भेटला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. सभासद यादीत काळे हे कावळे, काशीद आणि कासार यांच्या आधी येत होते. एका सचिवांनी गेल्या वर्षीच तक्रार केली होती आणि मी "संगणकात तसेच असते" असे उत्तर दिले होते. संगणकात तसेच असते याचे कारण युनिकोडच्या (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) तक्त्यात ळ हा ल नंतर आणि व च्या आधी बसवला आहे, आणि आमचा डेटाबेस निव्वळ कोडच्या क्रमाने लावत होता. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो. आवृत्ती १० पासून पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आयसीयू या लायब्ररीचे कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) वापरता येतात, आणि त्यांत मराठीचेही आहे. ते नावाच्या रकान्याला लावल्यावर काळे कासारांच्या मागे गेले. कोलेशन बदलले की त्या रकान्याचा इंडेक्स नव्या क्रमाने पुन्हा बांधला जातो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीतील क्रम बदलला तर इंडेक्स गुपचूप चुकीचा ठरू शकतो. २०१८ मधील, लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीमुळे नेमके तेच झाले होते, असे दस्तऐवज वाचताना कळले. सर्व्हर अपग्रेड करण्याच्या यादीत ही तपासणी घातली.

त्याहून चिवट निघाला तो ऱ. गावानुसार शोध घेताना कऱ्हाडच्या काही नोंदी सापडत नव्हत्या, आणि पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसत होते. अक्षरांचे कोड काढून पाहिले तेव्हा एकच ऱ्ह तीन रीतींनी टंकलेला आढळला : ऱ या स्वतंत्र अक्षराने, र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) यांनी, आणि र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. पहिल्या दोन रीती नॉर्मलाइझ या फंक्शनने एकरूप होतात. तिसरी होत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती वेगळीच अक्षरमाळ आहे, त्यामुळे ती हाताने बदलून घ्यावी लागली. ॲ चीही तीच गत : एकच अक्षर म्हणून टंकलेला ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला ॲ नॉर्मलाइझने एक होत नाहीत. दोन्ही दुरुस्त्या एका फंक्शनमध्ये घालून ते नोंद लिहिण्याआधीच्या ट्रिगरला (आपोआप चालणाऱ्या कृतीला) जोडले. दोनदा नोंदलेले काही सभासद यामुळे उघडकीस आले. त्यांची खाती एकत्र करायची की नाही हे संस्थांनी ठरवायचे आहे, मी फक्त यादी दिली.

२ ऑगस्ट २०२४

व्हॅक्यूम. पोस्टग्रेएसक्यूएल नोंद बदलताना जुनी प्रत लगेच पुसत नाही, नवी प्रत लिहितो आणि जुनी मृत म्हणून मागे ठेवतो, कारण दुसरे एखादे ट्रान्झॅक्शन अजून जुनी प्रत वाचत असू शकते. मृत प्रती साफ करण्याचे काम ऑटोव्हॅक्यूमचे. ते चालू होते, तरी टेबल अपेक्षेपेक्षा फुगलेले का, हे शोधायला बसलो.

उत्तर साध्या गणितात मिळाले. मूळ सेटिंगप्रमाणे, टेबलमधील नोंदींच्या २० टक्के अधिक ५० इतक्या नोंदी मृत झाल्यावर ऑटोव्हॅक्यूम त्या टेबलकडे वळतो. आमच्याकडे ते २८ लाख होतात. प्रत्येक बिलानंतर मी त्या काळातील ९६,००० नोंदींवर बिल क्रमांक लिहितो, म्हणजे एका बिलामागे ९६,००० मृत प्रती. तीस बिले झाल्याशिवाय सफाई होणार नाही, आणि वर्षाला छत्तीस बिले असतात. म्हणजे झाडू दहा महिन्यांतून एकदा फिरत होता. लहान टेबलला जी टक्केवारी रास्त वाटते, ती मोठ्या टेबलला अशी वर्षभर उपाशी ठेवते.

फक्त या टेबलसाठी ते प्रमाण १ टक्क्यावर आणले, आणि आता दर दुसऱ्या बिलानंतर सफाई होते. पण मुळात बिल क्रमांक संकलनाच्या नोंदीवर लिहायचाच कशाला? बिलाचा कालावधी ठरलेला आहे आणि नोंदीचा दिनांक ठरलेला आहे, तर नोंद कोणत्या बिलात आहे ते त्यावरून कळतेच. बिल झाल्यावर त्या कालावधीतील नोंदी बदलू न देण्याचा नियम वेगळा घातला आणि तो रकाना वापरातून काढला. सेटिंगच्या बदलापेक्षा मला हा बदल अधिक आवडला.

१३ ऑगस्ट २०२४

उचलीच्या कपातीत डेडलॉक, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडून बसणे. दोन लिपिक एकाच संस्थेच्या दोन सभासदांची खाती उलटसुलट क्रमाने धरत होते, आणि एका सेकंदाने डेटाबेसने एकाचे ट्रान्झॅक्शन रद्द केले. खाती नेहमी सभासद क्रमांकाच्या चढत्या क्रमाने धरायची, एवढ्याने ते मिटले. त्याच कोडमध्ये शिल्लक आधी वाचून, प्रोग्रॅममध्ये वजा करून, परत लिहिली जात होती. दोघांनी एकदम केले तर एकाची कपात हरवली असती आणि कोणतीही तक्रार उमटली नसती. आता वजाबाकी अपडेटच्या वाक्यातच आहे.

२७ ऑगस्ट २०२४

बॅकअपला आठवडा दिला. रोज रात्री पीजी-डम्प (डेटाबेसची फाइलरूप प्रत) निघतो आणि फाइल दुसऱ्या मशीनवर जाते, यावर सर्वांचा विश्वास होता. ती फाइल आजवर कोणी उघडून पाहिली नव्हती. कोऱ्या मशीनवर ती चढवली तेव्हा टेबले आली, नोंदी आल्या, पण वापरकर्ते आणि त्यांचे हक्क आले नाहीत, कारण पीजी-डम्प एकाच डेटाबेसपुरता असतो आणि वापरकर्ते संपूर्ण सर्व्हरचे असतात. ते वेगळे काढावे लागतात. शिवाय रात्री दोनचा डम्प घेऊन संध्याकाळी सातला डिस्क गेली, तर त्या दिवसाचे सकाळचे सगळे दूध गेले, आणि शेतकऱ्याच्या हातातील पावतीशिवाय त्याला पुरावा नाही.

म्हणून संपूर्ण सर्व्हरचा बेस बॅकअप आठवड्याला एकदा, आणि वॉलच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) फाइली सतत दुसरीकडे पाठवण्याची व्यवस्था केली. प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये लिहिला जातो, त्यामुळे बेस बॅकअपवर वॉल पुन्हा चालवत नेले तर हव्या त्या क्षणापर्यंत पोचता येते. वॉलची एक फाइल १६ मेगाबाइटची असते आणि भरल्यावरच पुढे पाठवली जाते. दुपारी आमच्याकडे शुकशुकाट असतो, तेव्हा ती तासन्‌तास भरत नाही, म्हणून पाच मिनिटांची मुदत घातली.

नंतर तालीम केली. प्रतीवर ६ वाजून ४० मिनिटांनी दरपत्रक मुद्दाम पुसले आणि ६ वाजून ३९ मिनिटांपर्यंत परत आणायचे ठरवले. रिकव्हरी वॉल संपेपर्यंत धावली आणि ठरवलेला क्षण येण्याआधीच संपली, असे सांगून बंद पडली. तासाभराने उलगडा झाला : वेळ लिहिताना मी टाइम झोन दिला नव्हता, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होता, आणि त्याच्या हिशेबाने मी मागितलेला क्षण अजून साडेपाच तास पुढे होता. वेळेपुढे अधिक ०५:३० लिहिल्यावर दरपत्रक परत आले. डेटाबेस त्यानंतर फक्त वाचनासाठी उघडून थांबतो आणि पुढे जाण्याची परवानगी मागतो, हे माहीत नसल्यामुळे आणखी दहा मिनिटे घाबरण्यात गेली. सगळ्या पायऱ्या लिहून सर्व्हरच्या कपाटात आतून चिकटवल्या आहेत. त्या रात्री नेट नसेल असे धरून कागदावर.

११ सप्टेंबर २०२४

१ ते १० सप्टेंबरचे बिल पहिल्यांदा नव्या क्वेरीने मूळ सर्व्हरवर काढले. दरपत्रकाचा जॉइन, उचलीची कपात आणि पशुखाद्याची वसुली धरून चार सेकंद लागले. जुन्या पद्धतीनेही प्रतीवर बिल काढून दोन्ही याद्या एकमेकींतून वजा केल्या. ४,८०० पैकी बहुतेक बिले पैशापर्यंत जुळली, पण काही जुळली नाहीत, आणि फरक एक ते तीन पैशांचा होता.

एवढ्यासाठी कोणी फोन केला नसता. तरी कारण शोधले. जुना प्रोग्रॅम लिटर आणि दर फ्लोट (अपूर्णांक जवळपासच्या मूल्याने साठवणाऱ्या) प्रकारात धरून गुणाकार करत असे, आणि त्या प्रकारात ०.१ सुद्धा नेमका मावत नाही. त्यामुळे बरोबर अर्ध्या पैशावर येणारी रक्कम कधी वर ढकलली जाई, कधी खाली. नव्या क्वेरीत सगळे न्यूमेरिक, म्हणजे दशांश नेमके ठेवणाऱ्या प्रकारात, आहे, आणि तेथे अर्धा नेहमी वर जातो. दुसरा फरक असा की मी पूर्णांकन शेवटच्या बेरजेवर केले होते, तर पावती प्रत्येक वेळच्या दुधाची पूर्णांकित रक्कम छापते. दहा दिवसांच्या वीस पावत्या जोडून बेरीज मारणाऱ्या सभासदाला बिलाचा आकडा जुळायला हवा, म्हणून पूर्णांकन प्रत्येक नोंदीवर आणले आणि बिल पुन्हा काढले.

आता उरलेला फरक फक्त फ्लोटचा आहे. मागील चार वर्षांची बिले नव्या रीतीने काढून फरकाची यादी करायची की नाही, हे विचारणारे पत्र बत्तीस सचिवांना आज पाठवले. उत्तर येईपर्यंत जुना प्रोग्रॅम प्रतीवर तसाच ठेवतो.